हेबर स्प्रिंग्जचा फोटोवाला



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हाला पत्र लिहिले, तेव्हा आम्ही किमान वेतनावर नाहीतर कंत्राटी कामगारांवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर आम्ही वर्षभर बोलतच असतो. ज्यांनी ऐकायला हवे ते ऐकत नाहीत आणि जे ऐकतात त्यांना सारे आधीच ठाऊक असते. म्हणून आम्ही उलट टपाली कळवले की या वसंतात आम्हाला एक दिवसाची भरपगारी रजा द्या, आम्ही एका फोटोवाल्याविषयी बोलू. चिटणीस सज्जन आहेत. त्यांनी होकार दिला आणि हा फोटोवाला कोण, हेही विचारले नाही. ते आता सांगणे आम्हाला भाग आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका कामगाराच्या दाव्याची तारीख होती म्हणून आम्ही मुंबईला गेलो होतो. तारखेला गेले की पुढची तारीख मिळते, तशी ती मिळाली. गाडीला पुष्कळ वेळ होता. फोर्टात फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तके चाळत असता फोटोंचे एक पुस्तक हाती लागले. पानापानावर माणसे उभी. मागे काही नाही, पुढे काही नाही. गोरी माणसे, अमेरिकन माणसे. पण पहिल्याच पानाला असे वाटले की यांना आपण ओळखतो. सुटी झाल्यावर आमच्या गेटसभेला जी माणसे उभी राहतात, तीच ही. हात कुठे ठेवावेत हे न कळलेली, पण नजर खाली न घालणारी. पुस्तकवाल्याने सांगितलेली किंमत आमच्या परतीच्या तिकिटाहून जास्त होती. घासाघीस करून घेतले आणि रात्रभर उभ्याने प्रवास केला.

आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. इंग्रजी आम्ही औद्योगिक न्यायालयाचे निवाडे वाचून शिकलो, कोश मांडीवर घेऊन. त्यामुळे 'उपरोक्त प्रतिवादी' आम्हाला चटकन कळतो, पण कलेवरचा लेख कळायला वेळ लागतो. तरी नेटाने तो लेख वाचला आणि नंतर या माणसाविषयी जे जे मिळेल ते वाचत गेलो. आज सांगणार आहोत ते त्या वाचनातले. मधूनमधून आमचा धंदा आड येईल, त्याला इलाज नाही.

या फोटोवाल्याचे नाव माईक डिस्फार्मर. जन्म १८८४ सालचा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, जर्मन वंशाच्या शेतकरी कुटुंबातला. जन्माचे आडनाव मायर. तो लहान असतानाच हे कुटुंब दक्षिणेकडे आर्कन्सॉ राज्यात स्टुटगार्ट नावाच्या गावी राहायला गेले. नावावरून लक्षात येईल, ही जर्मन लोकांची वस्ती. पुढे तो भाग भातशेतीसाठी प्रसिद्ध झाला. बाप लवकर गेला. भाऊबंद शेतीत राहिले. माईक मात्र त्या वाटेला गेला नाही. १९१४ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, आईला घेऊन तो राज्याच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात हेबर स्प्रिंग्ज या गावी आला आणि तिथेच पंचेचाळीस वर्षे राहून मेला.

हेबर स्प्रिंग्ज म्हणजे ओझार्क डोंगरांच्या पायथ्याचे एक लहानसे तालुक्याचे गाव. गंधकाच्या पाण्याचे झरे असल्याने हवापालट करायला लोक येत. १९०८ साली तिथे रेल्वे आली. बाजूला लिटल रेड नावाची नदी. आसपास डोंगरउतारावर लहान लहान शेते, त्यांत कापूस, मका, थोडी गुरे. शनिवारी सारा मुलूख बाजाराला गावात उतरायचा. आपल्याकडच्या कुठल्याही आठवडे बाजाराच्या गावाची कल्पना करा, फार चूक होणार नाही.

या रेल्वेचे नाव घेतल्यावर आम्हाला दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. मिझुरी आणि नॉर्थ आर्कन्सॉ ही ती लाईन. १९२१ साली कंपनीने पगार कापले आणि कामगारांनी संप केला. तो दोन वर्षांहून अधिक चालला. १९२३ च्या जानेवारीत याच लाईनवरच्या हॅरिसन गावात जमावाने संपवाल्यांना घरांतून ओढून बाहेर काढले, गावातून हाकलले आणि एका संपकऱ्याला रेल्वेच्या पुलावर फाशी दिली. हेबर स्प्रिंग्जमधला फोटोवाला त्या वेळी बाजाराला आलेल्या लोकांचे फोटो काढीत होता. त्या संपाशी त्याचा काही संबंध नाही. पण ज्या मुलखात हे घडत होते, तो हा मुलूख. नुसती गोड खेडवळ चित्रे डोळ्यांसमोर आणून ऐकू नका, एवढ्यासाठी सांगितले.

सुरुवातीला त्याने एका भागीदाराबरोबर धंदा केला. तिथल्या नाटक-सिनेमाच्या थिएटरात त्याचे दुकान होते. पुढे १९२६ च्या नोव्हेंबरात या गावावर टॉर्नेडो आला. टॉर्नेडो म्हणजे वावटळच, पण घरे उपटून नेणारी. गावात वीसएक माणसे मेली, आणि मायलेकरांचे घरही गेले. त्यानंतर त्याने मेन स्ट्रीटवर स्वतःचा स्टुडिओ बांधला. मागच्या बाजूला तो राहायचा. लग्न केले नाही. सोबतीला एक फिडल होते, ते वाजवायचा. कुणाकडे जाणे नाही, येणे नाही. गावात त्याची ख्याती तऱ्हेवाईक म्हणून.

तऱ्हेवाईकपणाचा कळस १९३९ साली झाला. या इसमाने कोर्टात अर्ज देऊन आडनाव बदलून घेतले. त्याची समजूत अशी की जर्मन भाषेत 'मायर' म्हणजे शेतकरी. आणि आपण तर शेतकरी नाही. म्हणून इंग्रजीतल्या 'फार्मर' शब्दाला नकाराचा उपसर्ग लावून त्याने नवे आडनाव घडवले: डिस्फार्मर. आपल्या सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर तो बिगरशेती झाला. खरे पाहता जर्मनीत 'मायर' म्हणजे मुळात जमीनदाराच्या वाड्याचा कारभारी, आणि पुढे खंडाने जमीन कसणारे कूळ. आपल्याकडे देशमुख, कुलकर्णी आडनावे झाली तसे ते झाले. पण तेवढ्यावर हा थांबला नाही. त्याने असेही सांगितले की तो मायर कुटुंबाचा मुलगाच नव्हे. तान्हा असताना वावटळीने त्याला खऱ्या आईबापांपासून उचलले आणि मायरांच्या दारी आणून टाकले!

लोक हसले असतील. आम्हीही प्रथम हसलो. मग जरा विचार केला. शेती आणि कर्ज, कर्ज आणि शेती, हे पाहून गाव सोडलेली शेकडो माणसे आम्हाला ठाऊक आहेत. यंत्रमागावर उभा असलेला निम्मा कामगार असाच बिगरशेती झालेला असतो. कोर्टात जाऊन नाव बदलत नाही, एवढेच. गावाकडून कुणी विचारायला आले तर 'मी शेतकऱ्याचा नव्हेच' असे म्हणावेसे त्यालाही कधीतरी वाटत असेल.

गंमत अशी की या बिगरशेती माणसाने जन्मभर फोटो काढले ते शेतकऱ्यांचेच. दुसरे गिऱ्हाईक गावात होतेच कुठे?

आता त्याच्या कामाची रीत सांगतो, कारण सगळा मुद्दा तिथे आहे. स्टुडिओच्या उत्तरेकडच्या बाजूला छतात काचेचे मोठे तावदान होते. सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. ऊन अंगावर येत नाही, सावल्या काळ्याकुट्ट पडत नाहीत. हे जुन्या चित्रकारांचे शहाणपण. कॅमेरा लाकडी खोक्याचा, मोठा, तिकाटण्यावरचा. फिल्म सगळीकडे रूढ झाल्यावरही हा काचेच्या प्लेटाच वापरीत राहिला. काचेवर जिलेटिनमध्ये कालवलेल्या चांदीच्या क्षाराचा थर असतो, त्यावर उजेड पडला की चित्र उमटते. काळ्या कापडात डोके घालून घासलेल्या काचेवर आधी पाहायचे. तिथे माणूस उलटा दिसतो, डोके खाली पाय वर. मग प्लेट घालायची, आणि समोरच्याने हलायचे नाही. छापतानाही खटपट नाही. काच थेट कागदावर टेकवून उजेड द्यायचा, म्हणजे प्लेटएवढाच फोटो मिळतो. हा फोटो पोस्टकार्डाच्या आकाराचा असे. पन्नास सेंटला तीन प्रती. अर्ध्या डॉलरला तीन.

मागचा पडदा कोरा, काळा नाहीतर पांढरट. त्यावर कधी एखादी काळी उभी पट्टी दिसते. बस. आपल्या लहानपणचे स्टुडिओ आठवा. मागे रंगवलेला ताजमहाल, हाताशी प्लॅस्टिकची फुले, तिपाईवर कुठेही न लागणारा टेलिफोन, आणि फोटोवाल्याचा तोच कोट सर्वांच्या अंगावर. आमच्या वडिलांचा एकुलता एक फोटो त्या कोटातला आहे. बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. तो कोट त्यांचा नव्हता हे आम्हाला कळायला दहा वर्षे लागली. त्या स्टुडिओवाल्यांना आम्ही नावे ठेवत नाही. गरीब माणसाला तासाभरासाठी श्रीमंत व्हायचे होते आणि ते त्याला तसे करीत. पण डिस्फार्मरच्या दुकानात उसना कोट नव्हता. तुम्ही जसे आलात तसे उभे राहा. हसा म्हणून तो सांगत नसे. बोलतच नसे. काळ्या कापडाखाली शिरला की कितीतरी वेळ बाहेर यायचा नाही, अशी आठवण त्या गावचे लोक सांगत. उभा माणूस आधी ऐट करी, मग ऐट करून कंटाळे, आणि मग जो उरे त्याचा फोटो निघे.

लोक आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी. पुष्कळांच्या अंगात छातीपर्यंत येणारी ती जाड निळी विजार, जिला इंग्रजीत डंगरी म्हणतात. कापडाच्या धंद्यातल्या श्रोत्यांना ऐकून मौज वाटेल: हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेला, असे कोशकार सांगतात. तिथल्या बाजारात मिळणारे जाडेभरडे कापड परदेशी जाई, त्या कापडाचे नाव त्या कपड्याला पडले. ज्या कापडाला आपल्याकडे कुणी मान दिला नाही, ते घालून आर्कन्सॉचा शेतकरी कॅमेऱ्यापुढे उभा आहे. काहीजण धुतलेला सदरा घालून आले आहेत, त्याची घडी मोडलेली नाही. बायका सुती झग्यांत, पोरे अनवाणीसुद्धा. दोन भाऊ, तीन मैत्रिणी, नवराबायको. कुणी कुणाच्या खांद्यावर हात ठेवला आहे, पण तो हात सवयीचा नाही. फोटोपुरता ठेवला आहे हे दिसते. १९४१ च्या डिसेंबरात अमेरिका युद्धात उतरली आणि मग गणवेशातली पोरे दिसू लागतात. रजेवर आलेली, किंवा रजा संपून निघालेली. शेजारी आई. त्या फोटोंकडे फार वेळ बघवत नाही, आणि त्यांत बघवू नये असे काहीही दाखवलेले नाही.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. या फोटोंत काळ्या माणसांचे चेहरे जवळजवळ नाहीतच. त्या तालुक्यात काळ्यांची वस्तीच नव्हती म्हणण्यासारखी. ओझार्कच्या पुष्कळ गावांतून त्यांना पळवून लावले होते. मघाशी सांगितले त्या हॅरिसनमध्ये १९०५ आणि १९०९ साली हेच झाले. तेव्हा 'साऱ्या अमेरिकन खेड्याचा चेहरा' वगैरे जे या पुस्तकांच्या वेष्टनावर छापतात, ते आम्हाला पटत नाही. गावकुसाबाहेर कोण होते, हे आपण महाराष्ट्रातल्या माणसांनी तरी विचारले पाहिजे.

आता पन्नास सेंटांचा हिशेब करू. हिशेबाशिवाय आमचे भाषण होत नाही. १९३८ साली अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा झाला. दर ठरला तासाला पंचवीस सेंट. म्हणजे तीन फोटो म्हणजे दोन तासांचे वेतन. स्वस्त वाटते. पण त्या कायद्यातून शेतमजूर वगळला होता! त्याला मजुरी वजनावर. त्याच राज्यात पूर्वेकडे, मिसिसिपी नदीच्या काठच्या काळ्या जमिनीत, १९३४ साली टायरोन्झा या गावी वाटेकऱ्यांची एक युनियन स्थापन झाली. गोरे आणि काळे एकत्र बसून. त्या काळी ही छातीची गोष्ट होती, म्हणून तिचे नाव आम्ही आदराने घेतो: सदर्न टेनंट फार्मर्स युनियन. १९३५ साली कापूस वेचणाऱ्यांचा तिने संप केला. मागणी काय, तर शंभर पौंड कापूस वेचला की एक डॉलर. मिळत होते त्याहून कमी. म्हणजे मागणी पुरी झाली असती तरीही तीन फोटोंसाठी पन्नास पौंड कापूस वेचावा लागला असता. कापूस वेचलेला कुणी इथे असेल तर त्याला पन्नास पौंड म्हणजे काय हे बोटांवरून सांगता येईल. बोंडाची टोके बोटे फाडतात. असे पैसे घेऊन माणूस स्टुडिओत येत होता. स्वतःच्या पायांनी, आणि आपल्याला हवे तेव्हा.

हे लक्षात ठेवून दुसऱ्या एका फोटोकडे पाहा. त्याच वर्षांत अमेरिकन सरकारने मंदीत बुडालेल्या शेतकऱ्यांची दैन्यावस्था देशाला दाखवण्यासाठी चांगले चांगले फोटोग्राफर गावोगाव पाठवले होते. हेतू उत्तम होता. त्यांतला सर्वांत गाजलेला फोटो डोरोथिया लँग या बाईंनी १९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात काढला. हात गालाला लावून दूर बघणारी एक आई, खांद्यांत तोंड लपवलेली मुले. आपण सर्वांनी तो कुठे ना कुठे पाहिला असेल. त्या बाईचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. पण हे नाव जगाला कळायला १९७८ साल उजाडावे लागले. म्हाताऱ्या झालेल्या त्या बाईंनी तेव्हा तक्रार केली की तो फोटो काढला नसता तर बरे झाले असते. त्यातून आपल्याला एक पैही मिळाली नाही. फोटो सरकारी, त्यामुळे लँग बाईंनाही त्याच्या विक्रीतून काही मिळाले नव्हते. त्या वाईट नव्हत्या. कळवळ्यानेच त्यांनी तो फोटो काढला, आणि त्यानंतर त्या छावणीला धान्यही पोचले. तरीसुद्धा बाईंची तक्रार खोटी ठरत नाही.

या तक्रारीवर आम्ही अमेरिकेला बोल लावणार नाही, कारण तोच गुन्हा आमच्या हातून झालेला आहे.

आम्ही ज्या यंत्रमागाच्या गावात काम करतो, तिथे एकदा मजुरीवाढीचा संप लांबला. चौथा आठवडा लागला. वर्तमानपत्रवाले फिरकेनात. आम्हाला वाटले, लोकांना दिसल्याशिवाय कळणार नाही. आमच्या एका सभासदाच्या घरी आम्ही फोटोवाल्याला घेऊन गेलो. तो बाहेर निदर्शनाला गेला होता. त्याची बायको रिकाम्या डब्यांपुढे बसली होती, पोरगी कडेला. तिला विचारल्यासारखे केले. युनियनचे अण्णा घरी आलेले, ती नाही कशी म्हणणार? फोटो फार चांगला आला. मोठे पोस्टर छापून आम्ही चौकाचौकांत लावले. लोक हळहळले, मदत आली, आणि पुढे तडजोड झाली. आम्ही खूष होतो.

महिनाभराने तो सभासद रात्री घरी आला. उंबऱ्यातच बसला. म्हणाला, "अण्णा, संप जितला ते ब्येस झालं. पन ती पोस्टरं काढा की आता. बायकू बाजारला जायाची बंद झालीया. लोक म्हन्त्यात, ती बघा डब्याची बाई. पोरीला साळंत चिडवत्यात." आम्ही त्याला त्या फोटोचे महत्त्व समजावू लागलो. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "व्हय, पन भूक सगळ्यांचीच हुती. तोंड माझ्याच बायकूचं का?"

त्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही स्वतः पोस्टर खरवडून काढली. पुष्कळ राहिली. पावसानेच गेली ती.

मग आम्ही त्यांच्या घरी जाऊन म्हणालो, युनियनच्या खर्चाने तुमचा सगळ्यांचा स्टुडिओत चांगला फोटो काढू. ती माउली पहिल्यांदाच आमच्याशी सरळ बोलली: "नगं. आमचा आमी काढू." त्या दिवाळीला बोनसच्या पैशातून त्यांनी फोटो काढला. ती लग्नातल्या साडीत, तो इस्त्रीच्या सदऱ्यात, पोरगी मध्ये उभी. एक प्रत तो आमच्या कार्यालयात देऊन गेला. कशासाठी दिली ते बोलला नाही. आमच्या टेबलासमोरच्या भिंतीवर ती आहे.

म्हणून डिस्फार्मरविषयी बोलताना आम्ही जपून बोलतो. आमच्यातले काही मित्र त्याला जनतेचा कलावंत करून टाकायला निघतात. तसा तो नव्हता. त्याला जनतेविषयी प्रेम होते याचा काही पुरावा नाही. शेतकरी म्हणवून घ्यायची त्याला एवढी शिसारी की नाव टाकून दिले! गिऱ्हाइकाला खुर्ची दे, पोराला गोळी दे, हे त्याच्या दुकानात नव्हते. पण त्याच्या कामात खोट नव्हती. पन्नास सेंट देणाऱ्याला त्याने पन्नास सेंटांचा फोटो दिला नाही. त्याला जेवढे येत होते तेवढे सगळे दिले. समोरचा माणूस त्याच्या लेखी कीव करण्याचा विषय नव्हता, दाखवण्याचा नमुना नव्हता. तो गिऱ्हाईक होता. पैसे मोजून आपले तोंड आपल्यासाठी काढून घ्यायला आलेला, आणि फोटो घेऊन घरी जाणारा. आमच्या मनात कळवळा होता आणि हातून अपमान झाला. त्याच्या मनात काय होते देव जाणे, हातून मात्र मान राखला गेला. यावर आम्ही अजून विचार करतो आहोत.

१९५९ साली तो त्या स्टुडिओतच मेला. काही दिवस तो कुणाला दिसला नाही, तेव्हा लोकांनी जाऊन पाहिले. पंचाहत्तरीचा होता. गावकऱ्यांच्या लेखी एक विक्षिप्त म्हातारा गेला, विषय संपला. चार वर्षांनी, १९६३ च्या ऑक्टोबरात, लिटल रेड नदीवरच्या ग्रिअर्स फेरी धरणाच्या उद्घाटनाला खुद्द अध्यक्ष केनेडी तिथे आले. सात आठवड्यांनी त्यांचा खून झाला. धरणाने गावाचे रूप पालटले. शेतकऱ्यांच्या गावात मासे पकडायला आणि नावा हाकायला शहरातली माणसे येऊ लागली. जुने गाव फोटोंतच राहिले.

आणि फोटो होते कुठे? स्टुडिओतल्या चीजवस्तूचा सौदा झाला तेव्हा सैन्यातून निवृत्त झालेल्या, गावातल्याच एका इंजिनियर गृहस्थांनी ते सारे विकत घेतले. किंमत पाच डॉलर. त्यात काचेच्या हजारो प्लेटा होत्या. फोटोच्या जुन्या काचांचे काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. थर खरवडून खिडकीला लावतात. या गृहस्थांनी तसे केले नाही. खोकी भरून घरी ठेवली. चौदा वर्षे त्या तशाच राहिल्या. १९७३ साली पीटर मिलर नावाचा एक तरुण तिथले साप्ताहिक चालवत होता. त्याने वाचकांकडे जुने फोटो मागितले, तेव्हा ही खोकी पुढे आली. काहींवर बुरशी, काही फुटलेल्या. मिलरने सुमारे तीन हजार काचा साफसूफ करून वाचवल्या आणि नमुने न्यूयॉर्कला एका फोटोमासिकाच्या संपादिका ज्युलिया स्कली यांच्याकडे धाडले. त्यांनी ओळखले काय आहे ते. १९७६ साली पुस्तक निघाले, १९३९ ते १९४६ मधल्या फोटोंचे. तेच आम्हाला फुटपाथवर सापडले. पुढे या फोटोंवरून गाण्याची तबकडी निघाली, बाहुल्यांचे नाटक झाले. ते आम्ही पाहिले-ऐकले नाही, म्हणून त्यावर बोलत नाही.

पण गोष्ट इथे थांबली नाही. २००४ सालच्या सुमारास संग्राहकांच्या ध्यानात आले की काचा तर मिळाल्या, पण डिस्फार्मरने स्वतःच्या हाताने छापलेले मूळ फोटो अजून हेबर स्प्रिंग्जच्या घराघरांत, आल्बमांत आणि ट्रंकांत पडलेले आहेत. मग त्यांनी माणसे नेमली. ती दारोदार फिरली. आजीचा फोटो आहे का? मामाचा आहे का? रोख पैसे देतो. असे हजारो फोटो गोळा झाले. २००५ साली न्यूयॉर्कच्या दालनांत ते मांडले गेले, आणि तीनचा अर्धा डॉलर होता तिथे एकाचे हजारो डॉलर झाले.

आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा रागाने फणफणलो. म्हटले, झाले! कापूसवाल्यांना लुटले तसे फोटोवाल्यांना लुटले. मग विचार केला, विकणाऱ्यांना आम्ही काय म्हणणार? घराचे छत गळत असेल, औषधाचे बिल असेल, किंवा काहीच नसेल, नुसते पैसे हवे असतील. त्यांची वस्तू, त्यांनी विकली. फोटोतल्या आजीला कुणी विचारले नाही हे खरे, पण तिच्या नातवंडांनी तिला चौकात चिकटवलेले नाही. चांगल्या चौकटीत, चांगल्या उजेडात ती न्यूयॉर्कच्या भिंतीवर उभी आहे. खाली तिचे नाव कधी असते, कधी नसते. आमच्या पोस्टरखाली तर नव्हतेच.

काचांच्या मालकीचाही वाद झाला. काचा पुढे आर्कन्सॉतल्याच एका संग्रहालयाच्या प्रतिष्ठानाकडे गेल्या. पुढे त्याच्या भावंडांच्या वंशजांनी कोर्टाची पायरी चढून वारसाहक्क मागितला. जो जन्मभर म्हणत राहिला की मी या कुटुंबाचा नव्हेच, मला वावटळीने आणून टाकले, त्याचा वारसा या कुटुंबाने मागितला. वकिलांना चांगले दिवस आले. इतके दावे पाहिलेल्या आम्हाला एवढे कळते की या भांडणात फोटोतली माणसे कुठेच पक्षकार नाहीत. त्यांनी आपले पन्नास सेंट तेव्हाच चुकते केले आणि तीन प्रती घेऊन ती घरी गेली.

वेळ संपल्याची चिठ्ठी अध्यक्षांकडून आली आहे. ते पुस्तक आम्ही बरोबर आणले आहे, टेबलावर ठेवतो. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी हात पुसून पाहावे.